पुरंदरचा घेरा

पुरंदर पाहायला निघालेला माणूस नारायणपूरला एकमुखी दत्ताचे दर्शन घेतो, जमल्यास शेजारच्या यादवकालीन नारायणेश्वराच्या देवळात डोकावतो आणि घाटाच्या वळणांनी गाडी थेट माचीपर्यंत नेतो. लष्कराच्या चौकीवर ओळखपत्र दाखवले की पुढे मुरारबाजीचा पुतळा, पुरंदरेश्वर, इंग्रजांच्या चर्चच्या भिंती, बिनी दरवाजा आणि दम असेल तर बालेकिल्ल्यावरचा केदारेश्वर. सुमारे साडेचार हजार फुटांच्या या डोंगरावर 14 मे 1657 रोजी संभाजीराजे जन्मले, 1665 मध्ये मिर्झाराजांशी तह झाला, 1774 मध्ये सवाई माधवराव जन्मले. एवढे सांगितले की गडाचा इतिहास सांगून झाला, असे वाटते. पायथ्यापासून माचीपर्यंतची उतरण मात्र गाडीच्या काचेबाहेर मागे पडते, आणि पुरंदरच्या इतिहासातली बरीच कोडी त्या उतरणीवरच उलगडतात. महसुली दप्तरात तिथल्या गावाचे नाव आजही घेरा पुरंदर असे आहे. सिंहगड, सुधागड, रसाळगड यांच्या पायथ्याशीही घेरा लागलेली अशीच गावे आहेत. गडाचे बळ तटबंदीत जेवढे होते त्याहून अधिक या घेऱ्यातल्या माणसांशी झालेल्या देण्याघेण्यात होते. ते देणेघेणे ज्याने मोडले त्याला गड टिकवता आला नाही, मग मोडणारा परका असो की घरचा.

आधी हे देणेघेणे कसे चाले ते पाहू. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, तेव्हा गडांची जुनी व्यवस्था पाहिलेली आणि तिच्यात चाकरी केलेली माणसे हयात होती. त्याने नोंदवलेली रचना दुहेरी आहे. आत हवालदार, सरनौबत, सबनीस, कारखानीस आणि त्यांच्या हाताखाली पिढीजात गडकरी, ज्यांना पगारापेक्षा जमिनीचा आधार मोठा, आणि ती जमीन बापाकडून मुलाकडे जाणारी. बाहेर, डोंगराच्या अंगावर आणि पायथ्याला, रामोशी, महार, मांग, कोळी. वाटा राखणे, येणाऱ्याजाणाऱ्याची बातमी वर पोचवणे, परक्याला वाट चुकवणे, शत्रूच्या मागे राहिलेल्या शिपायांना गाठणे ही त्यांची कामे. डोंगराच्या सोंडेवर मोक्याच्या जागी यांची ठाणी असत, त्यांना मेट म्हणत आणि तिथे राहणाऱ्यांना मेटकरी. त्र्यंबकच्या डोंगरावरचे मेटघर किल्ला किंवा महाबळेश्वरजवळचे मेटगुताड ही गावांची नावे या व्यवस्थेची आठवण धरून आहेत. रामचंद्रपंत अमात्यांचे 1715 चे आज्ञापत्र गडावर कोणी कसे वागावे हे सांगताना बुरुज, दरवाजे आणि दारूगोळ्यावर थांबत नाही. गडावरच्या केरकचऱ्याचे काय करावे इथपासून गडाभोवतीची झाडी दाट वाढू द्यावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये आणि डोंगराच्या सोप्या वाटा अवघड कराव्यात इथपर्यंत ते जाते. ज्या अमात्याने जिंजीपर्यंत पसरलेले युद्ध पाहिले होते, त्याच्या लेखी रान हाही तटाचाच भाग होता. रान राखायचे तर रानात राहणारा माणूस आपला असावा लागतो.

वरच्या वस्तीला रोज काय लागे याचा हिशेब केला तरी हे पटते. पाणी टाक्यांत साठवता येते, धान्य अंबारात भरून ठेवता येते. पन्हाळ्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तीन अंबारखान्यांकडे पाहिले की साठवणुकीची ताकद कळते. पण सरपण, छपरांना घालायचे गवत, जनावरांची वैरण, दूध, भाजीपाला, ओझी वाहणारी पाठ आणि रात्री जागणारे डोळे हे साठवून ठेवता येत नाहीत. रायगडच्या हिरकणीची कथा समकालीन कागदात सापडत नाही, ती दंतकथाच मानली पाहिजे. तरी ती रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत होती: खालची गवळण रोज वर दूध घालायला येते आणि संध्याकाळी दरवाजे लागतात. राजधानीच्या गडाची ही गत, तर पुरंदरसारख्या लढाऊ गडाची काय असेल?

1665 चा वेढा म्हणजे या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो शत्रूच्या बाजूने येतो. मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान मार्चअखेरीस पुरंदरखाली आले. शेजारचा वज्रगड एप्रिलच्या मध्याला पडला, तिथून मुख्य गडावर तोफा डागणे सोपे झाले. शाळेच्या पुस्तकात यापुढे किल्लेदार मुरारबाजीची झुंज येते आणि मग तह. जयसिंगाने याच काळात केलेले दुसरे काम मात्र त्याच्या पत्रव्यवहारात सविस्तर आहे. दाऊदखान कुरेशीला फौज देऊन त्याने राजगड, सिंहगड, रोहिडा या गडांच्या आसपासच्या मुलखात पाठवले. एकट्या रोहिड्याच्या बाजूला सुमारे 50 गावे जाळली गेली, गुरे ओढून नेली, माणसे कैद केली. एवढ्या मोठ्या सेनापतीला वेढा चालू असताना फौजेचा एक भाग खेडी जाळायला का पाठवावासा वाटला असेल? लुटीसाठी म्हणावे तर मावळच्या नाचणी-वरईच्या खेड्यांत लुटण्याजोगे ते काय? जयसिंग राजपुतान्याचा, डोंगरी किल्ल्यांत वाढलेला माणूस. वरच्या तोफेला खालून अन्न आणि बातमी पोचते, हे त्याला सांगावे लागले नाही. तह ठरून पुरंदर खाली झाला तेव्हा, मोगल नोंदींप्रमाणे, सुमारे 7,000 माणसे बाहेर पडली आणि त्यांतली लढणारी 4,000 होती. उरलेली 3,000 म्हणजे बायका, मुले, कारागीर, चाकर. शिबंदीची कुटुंबे वर, जमिनी खाली: देणेघेण्याची दोन्ही टोके अशी माणसांनीच बांधलेली होती. गड अजून पडला नव्हता. शिवाजी महाराजांनी तहाला होकार दिला त्यात या कुटुंबांची काळजीही होती असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि आकडे पाहता ते पटते.

आता पहिला आक्षेप. हे सगळे फार गोड वाटते, प्रत्यक्षात गड म्हणजे खेड्यांच्या मानेवरचे जू होते, असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. इनामांच्या सनदांमध्ये वेठबेगारीतून माफी दिल्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात, याचा अर्थ ज्यांना माफी नव्हती त्यांना वेठ होती. आणि पुरंदरचीच जुनी कथा घ्या. शेंदऱ्या बुरुज बांधताना तो ढासळू लागला, तेव्हा नाथनाक आणि देवकाई या महार जोडप्याला त्याच्या पायात जिवंत गाडले आणि मगच बांधकाम उभे राहिले, अशी ती दंतकथा. मुलाला आणि सुनेला देणाऱ्या बहिरनाक सोननाकाला मोबदला मिळाला, असेही ती सांगते. पायाभरणीच्या नरबळीच्या कथा जगभर सापडतात, तेव्हा हे घडले की नाही याची शहानिशा करण्यात अर्थ नाही. कथेला कोणत्या जातीचे जोडपे सुचले आणि तिने मोबदल्याची नोंद का जपली, हे प्रश्न महत्त्वाचे. जिने पिढ्यान्‌पिढ्या ही कथा सांगितली त्या व्यवस्थेला ठाऊक होते की बुरुज कोणाच्या अंगावर उभा आहे, आणि ते अंग फुकट मिळालेले नाही असा दावाही तिला जपून ठेवायचा होता. घेऱ्याशी झालेला करार समान माणसांमधला नव्हताच. जातीच्या उतरंडीत वरच्याला जमीन आणि मान, खालच्याला जमिनीचा तुकडा आणि रात्रीची गस्त, अशी त्याची वाटणी होती. पुढे महार वतनाच्या याच साखळीतून माणसे सुटावीत म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले, आणि ही कनिष्ठ वतने कायद्याने जायला 1959 उजाडावे लागले. म्हणून इथे घेऱ्याचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. करार अन्यायाचा असला तरी तो करार होता, दोन्ही बाजूंना त्याची कलमे माहीत होती आणि एका बाजूने ती मोडली की दुसरी गप्प बसत नसे, एवढेच इथे म्हणायचे आहे. निव्वळ जुलमावर चालणारी व्यवस्था असती, तर पुढचे प्रसंग घडलेच नसते.

अठराव्या शतकात पुरंदर पेशव्यांचा हक्काचा आसरा झाला. बाळाजी विश्वनाथांच्या हाती आलेला हा पहिला मोठा गड, आणि पुण्यावर संकट आले की पेशव्यांचे कुटुंब, दप्तर, खजिना इकडे हलत असे. गडाचा कारभार सासवडच्या पुरंदऱ्यांकडे होता. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, 1764 च्या सुमारास, आबा पुरंदऱ्यांनी गडावरच्या पिढीजात कोळी चौकीदारांना कामावरून दूर केले. त्या कोळ्यांनी अर्ज-विनंत्यांत वेळ घालवला नाही. त्यांनी युक्तीने गडच ताब्यात घेतला. पेशवाईच्या भर मध्यात, पुण्यापासून दिवसभराच्या वाटेवर, कोणतीही परकी फौज नसताना हे घडले. तोफांनी जे दिलेरखानाला दोन-अडीच महिन्यांत जमले नव्हते ते काढून टाकलेल्या राखणदारांना जमले, कारण कोणत्या वाटेने कधी वर जावे आणि कोणता पहारा कधी डुलक्या घेतो हे त्यांच्याहून अधिक कोणाला माहीत असणार? दुसऱ्या बाजीरावाने या प्रसंगातून काही धडा घेतला नाही. वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाने तो पुण्यात परत आला त्या 1803 सालीच पुरंदरच्या राखणीचे काम रामोशांकडून काढून घेतले गेले, आणि कामाबरोबर त्यावर चालणाऱ्या जमिनी व हक्कही गेले. पायथ्याच्या भिवडीत 1791 मध्ये जन्मलेला उमाजी नाईक खोमणे तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्या घराण्याकडे पुरंदरची राखण होती.

उमाजीबद्दल आपण बोलतो तेव्हा कथा सहसा 1818 पासून, इंग्रजांपासून सुरू करतो. त्यात त्याच्या बंडाची तारीख बरोबर येते, पण कारण अर्धेच येते. घाव आधी घरातून बसला होता. इंग्रजांनी तो भरून काढला नाही, उलट रुंद केला. 1820 च्या दशकात पुणे-सातारा भागात रामोशांनी जे रान पेटवले त्याचा भूगोल पाहावा: पुरंदर, सासवड, जेजुरी, सातारा, भोर, म्हणजे जिथे गड होते, मेटे होती आणि आता चाकरी उरलेली नव्हती. कंपनी सरकारला हे कळत होते, याचा पुरावा असा की काही काळ त्यांनी उमाजीला माफी देऊन नोकरीतच घेतले आणि त्याच मुलखाच्या बंदोबस्ताचे काम दिले. चोर पकडायला चोर लावला, असे यावर कोणी म्हणेल. खरे तर सरकार जुना करार तात्पुरता आणि स्वस्तात पुन्हा जोडू पाहत होते. तो टिकला नाही. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात उमाजीला फाशी देण्यात आली, आणि त्याच्या मागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर पुस्तक छापले.

इथे पुराव्याबद्दलच एक शंका घ्यावी लागते. घेऱ्याची व्यवस्था आपल्याला बरीचशी ग्रँट डफ आणि मॅकिंटॉश यांच्याकडून कळते, आणि दोघेही ती व्यवस्था मोडणाऱ्यांच्या पगारावर होते. मॅकिंटॉशला रामोशी म्हणजे आवरायची एक जात होती. ज्याच्या पायवाटांच्या ज्ञानाला गडाच्या दप्तरात चाकरी म्हटले होते, त्याच ज्ञानाला नव्या कागदांत गुन्ह्याची प्रवृत्ती म्हटले जाऊ लागले. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने या दृष्टीला कायद्याचे रूप दिले आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. तर मग अशा साक्षीदारांवर विसंबावे का? सरसकट नाही. पण राखणदार गडाशी जमिनीने बांधलेले होते आणि ती जमीन गेल्यावर ते बिथरले, हे सांगण्यात या अधिकाऱ्यांचा काही फायदा नव्हता, उलट त्याने त्यांच्याच सरकारच्या धोरणावर ठपका येत होता. आपल्या विरुद्ध जाणारी साक्ष देणाऱ्या साक्षीदाराचे तेवढे म्हणणे तरी मान्य करायला हरकत नसावी. शिवाय त्यांनी ज्याला स्वभाव म्हटले तिथे आपण कारण वाचू शकतो. ज्या रामोशांना पुढे गुन्हेगार ठरवले, त्यांनाच पुण्यातले सावकार आणि सरदार वाड्यांच्या देवड्यांवर राखणीला ठेवत होते. स्वभावच वाईट म्हणावा, तर आपल्या तिजोरीजवळ त्यांना कोणी बसवले असते?

सर्वांत वजनदार आक्षेप तोफांचा आहे. लष्करी इतिहासाचे अभ्यासक म्हणतील की घेरा वगैरे ठीक आहे, पण गडांचे युग उखळी तोफांनी संपवले. 1818 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने सिंहगड आणि पुरंदर एकामागून एक घेतले, मेमध्ये कर्नल प्रॉथरच्या माऱ्यापुढे रायगड पडला, जुन्नर आणि नाशिककडचे गड तर काही दिवसांच्या अंतराने शरण आले. वरून पडणाऱ्या गोळ्याला तट अडवू शकत नाही, इथे घेऱ्याचा संबंध काय? यातले लष्करी सत्य मान्यच केले पाहिजे: 1818 च्या तोफा 1665 च्या तोफांपेक्षा वेगळ्या होत्या, आणि रायगडसारख्या ठिकाणी त्यांनीच निकाल लावला. तरीही दोन गोष्टी उरतात. औरंगजेब 1699 मध्ये स्वतः गड घ्यायला बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे तोफा कमी नव्हत्या, माणसे कमी नव्हती आणि पैसा तर अजिबात कमी नव्हता. साताऱ्याच्या वेढ्यात त्याच्याच सुरुंगाने त्याची शेकडो माणसे गाडली. पुढचे कित्येक गड त्याने लढून घेण्यापेक्षा पैसे मोजून घेतले. विशाळगडासाठी 1702 मध्ये 2 लाख रुपये गेले. कोंढाणा 1703 मध्ये त्याच्याकडे आला आणि 1705 मध्ये हातचा गेला. बादशहाने विकत घेतलेला गड त्याला राखता आला नाही, कारण गडाची किंमत मोजून आतला किल्लेदार मिळाला, घेरा मिळाला नाही. खालची गावे, वाटा आणि बातमी पूर्वीच्याच हातांत राहिली. हीच गोष्ट त्याआधी सुमारे पावणेचारशे वर्षे महंमद तुघलकाने अनुभवली होती: 1328 च्या सुमारास कोंढाण्याला त्याने वेढा घातला तेव्हा नागनायक नावाच्या कोळी नायकाने तो आठ महिने झुंजवला, असे इसामीच्या फार्सी काव्यात आहे. दुसरी गोष्ट 1818 नंतरची. तोफ बुरुज पाडू शकते, ती गड ओसाड करू शकत नाही. औरंगजेबाच्या तोफांनंतर तेच गड पुन्हा नांदते झाले होते. 1818 नंतर ते झाले नाहीत, कारण नव्या सरकारने शिबंदी उठवली, ठिकठिकाणी पायऱ्या उडवल्या, टाकी निकामी केली आणि राखणीच्या जमिनींचा हिशेब गडापासून तोडून महसुलाच्या वहीत नेला. तोफेचे काम काही दिवसांत संपले होते, या वहीचे काम चाळीस वर्षे चालू होते.

त्या वहीचा परिणाम सर्वांत स्पष्ट कोल्हापूर संस्थानात दिसतो, जिथे 1818 नंतरही गडकरी शाबूत होते. संस्थानचा कारभार इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित या कारभाऱ्याकडे सोपवल्यावर गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांच्या ताब्यात देण्याचा बदल झाला. कागदावर ही साधी सुधारणा होती, वसुली एका खिडकीत आणणारी. गडकऱ्यांना तिचा अर्थ ताबडतोब कळला. जमीन जर मामलेदाराकडून मिळायची, तर गडाशी आपले नाते काय उरले? जुलै 1844 मध्ये गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर त्यांनी दरवाजे बंद केले, भुदरगड उठला, पन्हाळ्यावर कर्नल ओव्हन्स या इंग्रज अधिकाऱ्याला कैदेत ठेवले गेले, सावंतवाडीकडे मनोहर-मनसंतोष पेटले. ऑक्टोबरमध्ये सामानगड आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पन्हाळा पडला. मग गडकऱ्यांची पथके मोडली आणि तट पाडण्यात आले. या बंडात कोणी नवे राज्य मागत नव्हते. जुन्या कराराचे एक कलम परत मागत होते. पुरंदरचे कोळी, भिवडीचे रामोशी आणि सामानगडचे गडकरी यांच्यात जात, काळ आणि शत्रू सगळे वेगळे, पण तिघांचे भांडण एकाच जागेवर येऊन थांबते: राखणीच्या मोबदल्यात जमीन, आणि त्या जमिनीवर हात पडला की शस्त्र.

पुरंदरवर यापुढे जे घडले ते थोडक्यात सांगता येते. इंग्रजांना हवा आवडली, त्यांनी आजारी गोऱ्या सैनिकांसाठी माचीवर आरोग्यधाम उभारले, चर्च बांधले, बराकी बांधल्या. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या काही नागरिकांना इथे नजरबंद ठेवले होते. स्वातंत्र्यानंतर जागा सैन्याकडे आणि राष्ट्रीय छात्रसेनेकडे राहिली. म्हणजे दीड-दोनशे वर्षे माचीवर बाहेरून आणलेली माणसे राहिली आणि घेरा खालीच राहिला, ज्याचे गडाशी नाते उरले ते जत्रेचे, गुराढोरांचे आणि आता पर्यटकाला ताक-भाकरी विकण्याचे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांत पुरंदर नाही, पण साल्हेर, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, रायगड आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी किंवा पोटात वस्त्या आहेत. बाराव्या शतकात शिलाहार राजा दुसऱ्या भोजाची राजधानी असलेल्या पन्हाळ्यावर आज नगरपरिषद आहे. केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगीची अट आहे, म्हणजे पन्हाळ्यावर राहणाऱ्याला पडकी भिंत उभारायलाही दिल्लीच्या नियमांतून वाट काढावी लागते. वस्तीने गडाची नासधूस होते, पत्र्याच्या टपऱ्यांनी दरवाजे झाकले जातात, प्लास्टिक टाक्यांत जाते, असे पुरातत्त्वप्रेमी म्हणतात आणि ते खोटे नाही. पण उपाय म्हणून वस्तीच हलवावी, असा जो सूर अधूनमधून निघतो त्याला या इतिहासाचा आधार नाही. गडाला राखणदार लागतात हे मान्य करून बाहेरच्या सुरक्षा कंपनीचे पहारेकरी दरवाजात बसवायचे आणि घेऱ्यातल्या माणसाला अतिक्रमण ठरवायचे, हा 1803 चाच निर्णय झाला, फक्त सही वेगळी. टपरीची जागा, टाक्याची सफाई, वाटांची डागडुजी, वणव्याच्या दिवसांतली गस्त ही कामे पायथ्याच्या ग्रामपंचायतीला कराराने आणि मोबदल्याने देता येतात. त्या करारात जुन्या उतरंडीची वाटणी परत येऊ नये, एवढी खबरदारी आता घेता येण्याजोगी आहे, कारण या वेळी कलमे लिहिताना समोर सनदेऐवजी ग्रामसभा असेल आणि तिच्यात भिवडीच्या खोमण्यांइतकाच हक्क महारवाड्यातल्या घरांनाही असेल.